अर्ध्यावर थांबलेलं अंडं

कोंबडीचं अंडं फोडलं की मी आधी बलकावरचा तो फिकट पांढरा ठिपका शोधतो. खरं अंडं म्हणावं तर ते तेवढंच. बाकीचा पिवळाधमक पसारा म्हणजे नुसती शिदोरी. अंडं फलित असेल, तर ते बाहेर पडेपर्यंत त्या ठिपक्यात हजारो पेशी झालेल्या असतात. मग गारवा लागतो आणि सगळं थांबतं. ऊब मिळाली की पुन्हा सुरू.

थांबून राहण्यात अंड्यांचा हात कुणी धरणार नाही. मुलगी जन्माला येण्याआधीच तिच्या बीजांडकोशात अंडपेशींचं विभाजन सुरू होतं आणि मध्येच अडतं. मुलगी वयात आल्यावर एकेकीचं पुढे सरकतं, आणि पुन्हा अडतं. चाळिशीत फलित होणारी अंडपेशी म्हणजे चार दशकं अर्ध्यावर धरून ठेवलेलं काम! आपण मात्र गोष्ट सांगतो ती शुक्राणूंच्या शर्यतीची. मला त्यात नायकपद भलत्यालाच दिल्यासारखं वाटतं.

शुक्राणू आत शिरला की अंड्यानेच आत साठवलेलं कॅल्शियम मोकळं होतं आणि त्याची लाट या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते. मेडाका माशाच्या अंड्यात जेलीफिशचं, कॅल्शियम लागताच उजळणारं प्रथिन टोचून १९७०च्या दशकात संशोधकांनी ही लाट प्रत्यक्ष टिपली. त्या लाटेसरशी अडलेलं विभाजन पुरं होतं, दुसऱ्या शुक्राणूला दार बंद होतं.

पण लाट उठवायला शुक्राणूच हवा असंही नाही. युजीन बातायों या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१०मध्ये रक्त लागलेल्या बारीक सुईने बेडकीची अंडी टोचली. त्यातल्या काहींतून बिनबापाचे बेडूकमासे निघाले. त्याआधी शास्त्रज्ञ जॅक लोब यांनी समुद्री अर्चिन या काटेरी सागरी जिवाच्या अंड्यांना नुसतं खारट पाणी बदलून जागं केलं होतं. सस्तन प्राण्यांत सुई पुरत नाही. विभाजन सुरू होतं, पण काही जनुकं फक्त बापाकडून आलेलीच चालतात, त्यामुळे गर्भ पुढे टिकत नाही.

म्हणजे बाप लागतोच. फक्त घाईने नाही. माणसाच्या भ्रूणात चार ते आठ पेशी होईपर्यंत त्याची जनुकं जवळपास गप्पच असतात. तोवर कारभार चालतो तो आईने अंड्यात आधीच भरून ठेवलेल्या आरएनएवर, म्हणजे तिच्या जनुकांतल्या सूचनांच्या नकलांवर. शर्यत जिंकून आलेल्याला पहिले दोन-तीन दिवस फारसं कुणी विचारत नाही.