२०२४ मधले माझे आवडते गेम, नागपूरच्या उन्हाळ्यासकट

भरपूर गाजला तो ब्लॅक मिथ: वूकाँग हा मारधाडीचा गेम, पण माझ्या यादीत पहिला नंबर बलाट्रो या पत्त्यांच्या गेमचा. ‘लोकलथंक’ या टोपणनावाने काम करणाऱ्या कॅनडातल्या एकट्या डेव्हलपरने हा गेम केला. २० फेब्रुवारीला तो पीसी आणि कन्सोलवर आला, सप्टेंबरात मोबाइलवर. जुना लॅपटॉपही तो आरामात ओढतो. आणि हो, पत्ते असले तरी यात खऱ्या पैशाचा संबंध नाही.

तीन पत्ती किंवा रमी येत असेल तर जोडी, सिक्वेन्स, कलर वेगळं शिकावं लागत नाही. फक्त इथे एका वेळी जास्तीत जास्त पाच पत्ते खेळायचे. सुरुवातीच्या लाल डेकमध्ये हातात आठ पत्ते, खेळायच्या चार संधी आणि नको ते टाकायच्या चार. गुण म्हणजे चिप्स गुणिले गुणक. बदामचा एक्का, राजा, नव्वी, सत्ती, चौकी असा कलर लागला तर कलरच्या मूळ ३५ चिप्समध्ये पत्त्यांच्या ४१ मिळवा, म्हणजे ७६. गुणक ४. गुण झाले ३०४. पहिल्या ब्लाइंडला, म्हणजे फेरीला, ३०० लागतात, म्हणजे एका हातात काम झालं. ही जुळणी अगदी मापून केलेली वाटते.

खरा खेळ जोकर, म्हणजे गेममधल्या दुकानात मिळणारे गुण वाढवणारे खास पत्ते, कसे लावता त्यावर आहे. जोकर डावीकडून उजवीकडे मोजले जातात. साधा जोकर गुणकात ४ मिळवतो, ‘द ट्राइब’ नावाचा जोकर खेळलेल्या हातात कलर असला की गुणक दुप्पट करतो. वरच्याच हाताला साधा जोकर डावीकडे ठेवला तर ४ अधिक ४, मग दुप्पट, म्हणजे १६, गुण १२१६. तेच दोघे उलटे ठेवले तर गुणक १२ आणि गुण ९१२. पत्ते तेच, जोकर तेच, फरक फक्त ओढून जागा बदलण्याचा. नवे खेळाडू हे तासन् तास करत नाहीत, कारण जोकर सरकवता येतो हेच गेम मोठ्याने सांगत नाही.

दुसरी चूक गेममधल्या पैशाची. राउंड संपल्यावर दर ५ डॉलरमागे १ डॉलर व्याज मिळतं, जास्तीत जास्त ५. म्हणजे २५ डॉलर गल्ल्यात असले की पुढचं दुकान अर्धं फुकट. पहिल्या दुकानात जोकर घ्याच, तिथे कंजुषी नको; पण तिसऱ्या अँटीपर्यंत (तीन ब्लाइंडची एक अँटी, त्यातला शेवटचा म्हणजे बॉस) २५ जमलेले हवेत. पाचव्या-सहाव्या अँटीला बहुतेकांचा डाव मोडतो तो आकड्यांमुळे. मूळ लक्ष्य ३००, ८००, २०००, ५०००, ११०००, २०००० असं चढतं, आठव्याला ५०००० आणि बॉसला सहसा त्याच्या दुप्पट. नुसती बेरीज करणारे जोकर इथे पुरत नाहीत, गुणाकार करणारा निदान एक तरी लागतोच. शिवाय बॉस कोणता आहे हे अँटीच्या सुरुवातीलाच दिसतं, ते वाचा. ‘द हेड’ बदाम निकामी करतो, ‘द आय’ त्याच प्रकारचा हात दुसऱ्यांदा खेळू देत नाही. फक्त कलरवर विसंबलेला माणूस ‘द आय’समोर उभा राहिला की संपलाच.

आता वूकाँग. २० ऑगस्टला आला. १३० जीबी जागा खातो. १०० एमबीपीएसच्या लाइनवर हिशेबाने तीन तास, प्रत्यक्षात जास्तच. किमान ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स १०६० सांगितलंय, रॅम १६ जीबी. विकत घेण्याआधी स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानातलं त्याचं फुकट बेंचमार्क टूल (मशीन गेम किती झेपवतं ते मोजणारं) चालवा, पैसे घालायचे की नाही ते तिथेच कळतं. पहिल्यांदा उघडल्यावर शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) तयार होईपर्यंत थांबा. रे ट्रेसिंग, म्हणजे प्रकाश-सावलीचा जड हिशेब, बंद. मधली चित्रं स्वतः बनवणाऱ्या फ्रेम जनरेशनचा मोह टाळा: मुळात फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) कमी असतील तर चित्र गुळगुळीत दिसतं, पण बटण दाबल्यावर उडी उशिरा लागते, आणि या गेममध्ये शत्रूचा वार चुकवणं हेच सगळं आहे.

मे महिन्यात नागपुरात मात्र सेटिंगपेक्षा खोलीची हवा जास्त महत्त्वाची. कॅबिनेट जी हवा आत ओढतं ती १५ अंशांनी गरम असेल तर कार्डही साधारण तेवढंच जास्त तापतं. २५ अंशांच्या खोलीत ७० वर राहणारं कार्ड नवतप्यात ४० अंशांच्या खोलीत ८५ कडे जाणार. एनव्हिडियाची बरीच कार्डं ८३ च्या आसपास आपला वेग स्वतःच उतरवतात. म्हणून पहिला अर्धा तास गेम छान चालतो, मग अडखळतो, आणि लोक शिव्या गेमला देतात. उपाय सोपा आहे: फ्रेम ६० वर, नाहीतर ४५ वर बांधा आणि आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये कार्डाचं पॉवर लिमिट ८० टक्के करा. फ्रेम थोड्याच कमी होतात, उष्णता बरीच. होळीच्या आधी कॅबिनेटची जाळी साफ झालेली असावी.

कूलर थेट कॅबिनेटवर सोडू नका. थंड हवेसोबत पाण्याचे बारीक तुषार येतात, ते वाळले की क्षार बोर्डावर राहतात. कूलर खिडकीत, समोरचं दार उघडं, आणि कॅबिनेट झोताच्या बाजूला. दार बंद ठेवलं तर खोली नुसती दमट होते. लाइट जाण्यासाठी ६०० व्हीएचा यूपीएस ठेवला असेल तर तो बहुतेक ३६० वॉटच्या आसपासच देतो. पूर्ण जोरात चाललेलं मोठं कार्ड त्याला झेपत नाही आणि लाइट गेली की यूपीएसही बसतो. बांधलेल्या फ्रेमचा इथेही उपयोग होतो.

वूकाँगच्या पहिल्या प्रकरणात तीन घंटा आहेत, तिन्ही वाजवा. त्यातून एक लपलेला बॉस उघडतो आणि आगीपासून वाचवणारी वस्तू मिळते, पुढच्या काळ्या अस्वलाशी लढताना ती कामी येते. कौशल्याचे गुण पूजास्थानी फुकट परत घेता येतात, म्हणून प्रयोग करायला घाबरू नका.

एल्डन रिंग या गेमची शॅडो ऑफ द अर्डट्री ही नवी भर २१ जूनला आली. तिचं दार उघडायला मूळ गेममधले राडान आणि मोग हे दोघे बॉस पडलेले हवेत. आत गेल्यावर १५० लेव्हलचा वीरसुद्धा दोन फटक्यांत आडवा होतो, कारण इथे ताकद लेव्हलपेक्षा स्कॅडूट्री फ्रॅगमेंट या गोळा करायच्या तुकड्यांवर जास्त. एकूण ५०, त्यांतून ताकदीच्या २० पायऱ्या. मिकेलाच्या क्रॉसजवळ आणि डोक्यावर मडकं घेतलेल्या आकृत्यांकडे ते सापडतात. बॉसवर डोकं आपटण्याआधी नकाशा फिरा. गेम ६० फ्रेमवर मुळातच बांधलेला आहे, उन्हाळ्यात तेही बरंच.

प्रिन्स ऑफ पर्शिया: द लॉस्ट क्राउन जानेवारीत आला आणि दुर्लक्षित राहिला, हे मला पटलेलं नाही. यातला मेमरी शार्ड इतर प्रत्येक गेमने उचलावा: अडलेल्या जागेचा फोटो काढून तो नकाशावर टाचता येतो. शत्रूच्या पिवळ्या चमकेला पॅरी (वार परतवणं), लाल चमकेला फक्त पळ. वेळ जमत नसेल तर सेटिंगमध्ये पॅरीची मुदत सैल करता येते.

ॲनिमल वेल ४० एमबीपेक्षा लहान आहे, मोबाइल डेटावरही लगेच उतरतो. सेव्ह करायला टेलिफोन शोधा. बुडबुड्याची कांडी मिळाली की उडीचं बटण दाबून धरा, सोडू नका. धरून ठेवलं तरच बुडबुड्यावरून पुन्हा उसळता येतं.