टेक्सास फ्लड, ट्रॅक २: शफल बसला!

स्टीव्ही रे वॉनचा 'टेक्सास फ्लड' हा ब्लूज अल्बम मी गिटारवर शिकतोय, आणि त्यातल्या दुसऱ्या गाण्यावर, प्राइड अँड जॉयवर, सात आठवडे अडकलो होतो. काल रात्री सुटलं. झोप अशी लागलीच नाही, म्हणून सकाळी सकाळी लिहायला बसलोय.

प्रॉब्लेम होता शफलचा, म्हणजे ठोक्याचे तीन भाग करून मधला गाळणाऱ्या झुलत्या ठेक्याचा. उजवा हात खाली जाताना बेसची नोट आणि तिच्याबरोबर डाव्या हाताने हलकं दाबून मुक्या केलेल्या तारांचा तो 'चक', वर येताना वरच्या मोकळ्या तारा. स्टीव्ही रे वॉनचं ऐकताना दोन गिटारी वाजतायत असं वाटतं, पण आहेत तिघंच, तो, बेसवर टॉमी शॅनन आणि ड्रम्सवर क्रिस लेटन. माझं मेट्रोनोम (ठेका धरणारं यंत्र) मिनिटाला ९० ठोक्यांच्या वर नेलं की सगळी लचक जायची आणि नुसती धावपळ उरायची.

काय काय केलं नाही. पिक बदलली. वॉन १३ गेजच्या, म्हणजे जाड, तारा लावायचा म्हणून ऑनलाइन एक सेट मागवला, तो गंजलेला निघाला आणि विकणारा परत घ्यायला तयार नाही, गेले पैसे. शेवटी जरा बारीक, ११ च्या लावल्या आणि त्याच्यासारखी गिटार अर्धा स्वर उतरवली, मस्त वाजतायत. १३ च्या मागे लागू नका हे माझं ठाम मत, बोटं सोलवटतील आणि शफल तरीही यायचा नाही कारण तो मनगटात असतो.

तर काल वरच्या मजल्यावरचे काका आले, ते तबला शिकवतात. दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "अरे, गिटार ठेव खाली. आधी तोंडाने दादरा म्हण." धा धी ना, धा ती ना. बेस धा वर, वरचा स्ट्रोक ना वर, मधले धी आणि ती फक्त मनात म्हणायचे. म्हणता म्हणता लक्षात आलं की उजवा हात बरोबरच होता, चुकत होता डावा! मी दाब धी वरच सोडत होतो, त्यामुळे तारा आधीच गुणगुणायला लागायच्या आणि 'चक' मरायचा. दाब ना येईपर्यंत धरून ठेवला आणि पहिल्यांदा तो खरा खडखडाट आला, अगदी खोक्यावर बोटं वाजवल्यासारखा. अकरा वाजेपर्यंत १०८ वर पोचलो. काकांना दोनदा चहा झाला.

प्लॅन दहाही गाणी क्रमाने करायचा होता, सहा वॉनची ओरिजिनल्स आणि चार कव्हर्स (दुसऱ्यांची गाणी), आणि आता तिसरा, टायटल ट्रॅक 'टेक्सास फ्लड'. मी तो उडी मारून शेवटी घेणार होतो, पण आत्ता लिहिता लिहिता सुचतंय की तो लॅरी डेव्हिसचा १९५८ चा स्लो ब्लूज आहे, म्हणजे तिथे धी पण ऐकू येणार, तिन्ही मात्रा संथ मोकळ्या. मग आत्ताच घ्यायला हवा. बाकीची गाणी थांबतील.

आणि हा सगळा अल्बम वॉन आणि मंडळींनी नोव्हेंबर १९८२ मध्ये लॉस एंजेलिसला, गायक जॅक्सन ब्राउनने फुकट दिलेल्या स्टुडिओत तीन दिवसांत रेकॉर्ड केला. मला एका गाण्याला सात आठवडे लागले तरी चालेल, पण ते नीट वाजलं पाहिजे.

एक राहिलंय. गाण्याच्या बारा बारच्या (चार-चार ठोक्यांच्या तुकड्यांच्या) चक्रात नवव्या बारला बी कॉर्ड आली की डावा हात गुंततो, मोकळ्या तारा मिळत नाहीत आणि 'चक' परत गायब. तुम्ही तिथे अंगठा गिटारच्या मानेवरून आणता का? आज रात्री तसं करून बघतो, ९० वर.