मॅचचा कोड तपासताना

मंगळवार, रात्री

आजचा सगळा वेळ रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत एनमवरच्या मॅचसाठी कंपायलर कसा कोड काढतो हे तपासण्यात गेला. एनम म्हणजे ठरलेल्या पर्यायांपैकी (व्हेरियंटपैकी) एक असणारा प्रकार, आणि मॅच म्हणजे कोणता व्हेरियंट आहे ते बघून पुढची वाट निवडणं. ही चाचणी वेगळ्या जातीची आहे. एरवी प्रोग्राम चालवायचा आणि उत्तर जुळतंय का ते बघायचं. इथे प्रोग्राम चालतच नाही. रस्टमध्ये छोटंसं फंक्शन लिहायचं, त्यातून तयार झालेला एलएलव्हीएम आयआर (मशीन कोड बनवणाऱ्या एलएलव्हीएमची मधली भाषा) निव्वळ मजकूर म्हणून घ्यायचा आणि त्यात हव्या त्या ओळी हव्या त्या क्रमाने आहेत का, हे फाइलचेक या मजकूर जुळवून बघणाऱ्या साधनाकडून पडताळून घ्यायचं. मला हे काम मनापासून आवडतं. कंपायलरने काय ठरवलं ते इथे उघड्यावर दिसतं.

सोप्या एनमचं फार काही नाही. चार रिकामे व्हेरियंट असले की टॅग (कोणता व्हेरियंट ते सांगणारा आकडा) 0 ते 3, त्यावर एक स्विच, म्हणजे आकड्यानुसार वाट निवडणारा आदेश, आणि मॅचमध्ये सगळ्या शक्यता आलेल्या असल्यामुळे स्विचची डीफॉल्ट वाट थेट ‘अनरीचेबल’. ही एक ओळ मात्र मोलाची. डीफॉल्टला कधीच पोचत नाही हे एलएलव्हीएमला कळलं की जंप टेबलाआधीची (कोणत्या आकड्याला कुठे उडी घ्यायची त्या तक्त्याआधीची) मर्यादेची तपासणी गाळता येते. मॅच संपूर्ण असलाच पाहिजे हा भाषेचा नियम चुका टाळण्यासाठी म्हणून सांगतात, पण त्याचा फायदा असा थेट मशीन कोडपर्यंत पोचतो.

खरी गंमत व्हेरियंटमध्ये डेटा आला की सुरू होते. बूलला (खरं किंवा खोटं एवढंच साठवणाऱ्या प्रकाराला) एक बाइट लागतो, पण त्यातली 0 आणि 1 ही दोनच मूल्यं वैध. उरलेली 254 मूल्यं मोकळी, म्हणजेच निश. म्हणून ऑप्शनमध्ये, म्हणजे ‘मूल्य आहे’ किंवा ‘नाही’ असे दोन व्हेरियंट असलेल्या एनममध्ये, घातलेला बूलही एकाच बाइटात मावतो आणि ‘नन’ (मूल्य नाही) म्हणजे 2. कॅरेक्टरचंही तसंच: युनिकोड 0x10FFFF ला संपतं, त्यापुढची मूल्यं मोकळी, म्हणून ऑप्शनमधला कॅरेक्टर चार बाइटांतच राहतो. जागा वाचते ती अशी. पण मॅच करताना टॅग आयता मिळत नाही, तो हिशोब करून काढावा लागतो, आणि तो हिशोब नीटनेटका निघतोय का हेच तपासायचं असतं.

आज सर्वाधिक वेळ ज्यावर गेला तो एनम पाच व्हेरियंटचा होता. तिसऱ्यात बूल, बाकीचे चार रिकामे. रिकाम्यांसाठी बाइटात साठणारे आकडे असे: पहिला 2, दुसरा 3, चौथा 5, पाचवा 6. मधला 4 तसाच सोडून दिलेला, कारण ती जागा बूलवाल्या व्हेरियंटच्या क्रमाची, आणि तो तर 0 किंवा 1 म्हणूनच साठतो. हे भोक मुद्दाम ठेवलेलं आहे. त्यामुळे बाइटातून 2 वजा केले की व्हेरियंटचा क्रमांक (0 पासून मोजलेला) सरळ हातात येतो. बाइट 0 किंवा 1 असेल तर वजाबाकी उलट फिरून 254 किंवा 255 देते. मग चिन्हाशिवायची (ऋण आकडे न मानणारी) एक तुलना पुरते: उत्तर 5 पेक्षा लहान असेल तर तोच क्रमांक, नाहीतर बूलवाला व्हेरियंट. इतका आटोपशीर हिशोब बघून खरंच समाधान वाटतं.

पण एक फट राहते. बाइटात 4 कधीच नसतो हे कंपायलरला माहीत, एलएलव्हीएमला नाही. त्याच्या दृष्टीने बूलवाल्या व्हेरियंटपर्यंत दोन वाटा आहेत. म्हणून कंपायलर तिथे ‘अज्यूम’ची सूचना घालतो की हे मूल्य येणारच नाही. मग ‘तिसराच व्हेरियंट आहे का’ हा प्रश्न ‘बाइट 2 पेक्षा लहान आहे का’ एवढ्यावर येतो. ही सूचना उद्या कुणाच्या बदलात गळून पडली तर सगळे प्रोग्राम पूर्वीसारखेच बरोबर चालतील, एकही नेहमीची चाचणी तक्रार करणार नाही. नुसता कोड थोडा जड होईल, आणि तो सगळीकडेच होईल. ही चाचणी हवी ती एवढ्यासाठी.

लिहिताना काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. फंक्शन सार्वजनिक आणि त्याचं नाव न बदलणारं हवं, नाहीतर कंपायलर ते टाकून देतो किंवा शोधूनही सापडत नाही. मॅचच्या शाखांतून परत करायचे आकडे ओबडधोबड निवडावेत. 10, 20, 30, 40 दिले तर ऑप्टिमायझर त्यातला क्रम ओळखतो, स्विचच्या जागी गुणाकार-बेरीज ठेवतो, आणि तपासायचं तेच नाहीसं होतं. मी 113, 7, 42, 91 असले काहीतरी देते.

सगळ्यात अवघड निर्णय म्हणजे किती ओळी जखडायच्या. फाइलचेकमध्ये ‘चेक’ म्हटलं की ओळ पुढे कुठेही चालते, ‘चेक-नेक्स्ट’ म्हटलं की लगेच खालीच हवी. प्रत्येक ओळ जखडली की एलएलव्हीएमची आवृत्ती बदलताच चाचणी मोडते, आणि मग लोक न वाचता अपेक्षित मजकूर बदलून टाकतात. फार सैल ठेवली तर काहीच राखलं जात नाही. मी वजाबाकी, तुलना आणि अज्यूम एवढंच धरते. रजिस्टरची (आयआरमधल्या मधल्या उत्तरांची) नावं पकडून पुढे वापरते, त्यांचे आकडे लिहीत नाही. आणि चाचणी पास झाली की आधी कंपायलरमधली ती सूचना तात्पुरती काढून चाचणी खरंच पडते का ते बघते. न पडणाऱ्या चाचणीवर माझा विश्वास बसत नाही. उत्तरं बरोबर आहेत का, हे सगळी मूल्यं घालून चालवणारी दुसरी चाचणी बघते. दोन्ही लागतात.

उद्या ऑप्शनच्या आत ऑप्शन आणि त्याच्या आत बूल. तोही एका बाइटातच बसतो: आतला नन 2, बाहेरचा 3. त्याचा दुहेरी मॅच एकाच स्विचमध्ये उतरतो का ते बघायचंय.