नुसत्या अक्षांश-रेखांशावरून कारखाना दिसतो का?

रिमोट व्ह्यूइंगचा, म्हणजे दूरची न पाहिलेली जागा नुसत्या मनाने 'बघण्याच्या' दाव्याचा विषय निघाला की सेमीपलातिन्स्कची केस हमखास सांगतात. १९७४ साली कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये अशी शक्ती असल्याचा दावा करणाऱ्या पॅट प्राइसला सोव्हिएत युनियनमधल्या सेमीपलातिन्स्क इथल्या एका गुप्त अणुसंशोधन केंद्राचे फक्त अक्षांश-रेखांश दिले आणि त्याने रुळांवर चालणाऱ्या अवाढव्य क्रेनचं चित्र काढलं, जे सॅटेलाइट फोटोशी बऱ्यापैकी जुळत होतं. मला ते चित्र आजही थक्क करतं, खरंच.

पण त्याच सेशनमध्ये त्याने बाकी ढीगभर गोष्टी सांगितल्या आणि त्यातल्या कितीतरी चुकल्या, हे कोणी सांगतच नाही. आणि खरी गोम तिथेच आहे, कारण गुप्तहेर खात्याला शंभरातलं नेमकं खरं काय ते आधी कळायला हवं ना, फोटो आल्यावर "हे जुळलं" म्हणून काय उपयोग? शिवाय सेशन घेणाऱ्या, समोर बसलेल्या माणसाला उत्तर माहीत असेल तर नकळत हिंट जातेच.

१९९५ मध्ये सीआयएने स्टारगेट प्रोग्रॅम, म्हणजे हेरगिरीसाठी रिमोट व्ह्यूइंग वापरायचा अमेरिकन सरकारचा प्रकल्प, तपासून घेतला, तेव्हा सांख्यिकीतज्ज्ञ जेसिका अट्स म्हणाल्या परिणाम खरा आहे, मानसशास्त्रज्ञ रे हायमन म्हणाले सिद्ध झालेला नाही, पण हेरगिरीसाठी कामाची माहिती मिळत नाही असाच रिपोर्ट आला आणि प्रोग्रॅम बंद झाला. मला हायमन यांचंच पटतं.