तुम्ही विचारलंत म्हणून: मुलांना वर्गात घरच्यासारखं का बोलू देते

पालकसभा असो, एसडीएमसीची, म्हणजे शाळेच्या पालक-समितीची, बैठक असो, नाहीतर शनिवारच्या बाजारात भेटलेली एखादी आई असो, मला हा प्रश्न ठरलेला. "बाई, आमचं पोरगं शाळेतबी घरच्यासारखंच बोलतंय म्हणं, आणि तुम्ही काय म्हणत न्हाईसा. मग शुद्ध कवा बोलणार? परीक्षेत काय लिवणार?" नव्यानं रुजू झालेले शिक्षकही हेच विचारतात, जरा सांभाळून विचारतात इतकंच. बाजारात पिशवी हातात धरून याचं उत्तर देता येत नाही. म्हणून एकदा बसून लिहिते आहे.

मी बेळगावच्या शहापूरची. टीसीएच, म्हणजे प्राथमिक शिक्षकाचा अभ्यासक्रम, झाला आणि 1998 च्या जूनमध्ये खानापूर तालुक्याच्या पश्चिम अंगाला एका सरकारी मराठी शाळेत पहिली नेमणूक मिळाली. जांबोटी-कणकुंबीकडचा तो भाग. मलप्रभा उगम पावते ती तिथेच, कणकुंबीला. जुलै लागला की आठ-आठ दिवस उन्हाची तिरीप दिसत नाही आणि मुलं डोक्यावर घोंगडीची खोळ घेऊन, चिखल तुडवत शाळेत येतात.

तिसरीतला एक मुलगा तीन दिवस आला नाही. चौथ्या दिवशी आला तेव्हा त्याच्या बोटांच्या बेचक्या पाण्यानं पांढऱ्या पडलेल्या होत्या. मी विचारलं, का आला नाहीस? तो उठून उभा राहिला, खणखणीत आवाजात म्हणाला, "आई नट्टी लावालीया बाई. मी तरवा पोचवालतो."

मी म्हटलं, "नट्टी नाही, लावणी. लावालीया नाही, लावत आहे. म्हण बघू."

त्यानं म्हटलं. वर्ग हसला. तो खाली बसला आणि त्यानंतर दिवाळीपर्यंत मला 'हो' आणि 'नाही' याखेरीज त्यानं एकही शब्द दिला नाही. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, हे आज लिहिताना फार जड जातं. टीसीएचला आम्हालाही असंच सुधारलेलं होतं. शहापुरातली आमची भाषाही कुठे पुस्तकातली होती? पण मला जे मिळालं तेच मी पुढे वाटत होते. नऊ वर्षांचा पोरगा तीन दिवस गुडघाभर चिखलात उभा राहून रोपांच्या पेंढ्या वाहत होता, कुठल्या वाफ्याला किती पेंढ्या लागतात हे त्याला पाठ होतं, आणि मी त्याला विचारलेला एकमेव प्रश्न क्रियापदाचा होता.

भात कापून झालं, मळणी झाली, शेतं मोकळी झाली. डिसेंबरातल्या एका संध्याकाळी शाळेमागच्या शेतात मुलं विटीदांडू खेळत होती आणि तोच मुलगा दांडूनं अंतर मोजत ओरडत होता: "वकट, लेंड, मुंड, नाल..." मोजणीवरून भांडण झालं. त्यानं पुन्हा मोजून दाखवलं, समोरच्याला पटवलं, डाव जिंकला. शाळेत मुका झालेला मुलगा तो हाच, यावर माझा विश्वास बसेना.

माझ्या शेजारी आमच्या शाळेतले कन्नडचे सर उभे होते. ते धारवाडकडचे. ते म्हणाले, "बाई, ही पोरं मोजतात ते कुठले आकडे, ठाऊक आहे? नाल म्हणजे आमचं नाल्कु. पुढं आर म्हणतील, ते आमचं आरु. वकट आणि लेंड म्हणजे तेलुगूतले ओकटि, रेंडु." मी लहानपणापासून हे शब्द म्हणत आले होते. गावागणिक ते थोडे बदलतात, पण आपल्या सगळ्या मुलुखाला ते ठाऊक आहेत. ते आकडे आहेत, आणि शेजारच्या भाषांमधले आहेत, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

हीच मुलं कन्नडच्या तासाला 'ओंदु, एरडु'च्या पुढे अडायची. दुसऱ्या दिवशी सरांनी फळ्यावर दोन ओळी लिहिल्या. वर विटीदांडूचे आकडे, खाली कन्नड आकडे. मुलं जागची उठून फळ्यापाशी गेली. नालखाली नाल्कु, आरखाली आरु. जे जुळत नव्हते त्यांच्यावरून वाद घातला. त्या एका तासात वर्ग हत्तुपर्यंत, म्हणजे दहापर्यंत, पोचला.

त्या संध्याकाळी सरांशी बराच वेळ बोलणं झालं आणि 'लावालीया'चा विषय निघाला. ते हसले नाहीत. म्हणाले, "आमच्याकडं पाऊस येतोय हे 'मळी बराक हत्तैति' असं म्हणतात. बराक म्हणजे यायला, हत्तैति म्हणजे लागलाय. पुस्तकात 'मळे बरुत्तिदे' असतं. मला ट्रेनिंगमध्ये त्यावरून उभं करून सुधारलेलं आहे." मी मनात मांडून बघितलं. यायला लागलाय, येवालाय. बराक हत्तैति. आई रोप लावायला लागलीया, लावालीया. दोन वेगळ्या कुळांच्या भाषा, पण आमच्या या पट्ट्यातल्या बोलींमध्ये चालू असलेलं काम सांगायची रीत एकच. दोन्हीकडे 'लागणं'. मी ज्याला अशुद्ध म्हणून खोडलं, ती त्या मुलासाठी कन्नडकडे जाणारी तयार पायवाट होती. आणि 'नट्टी'? रोप लावण्याला कन्नडात 'नाटि' म्हणतात.

सर आणखी एक बोलले ते माझ्या मनात राहिलं. द. रा. बेंद्र्यांच्या घरात मराठी होती, पण ते कन्नडचे थोर कवी झाले, त्यांना 1973 चं ज्ञानपीठ मिळालं, आणि त्यांच्या कवितेत धारवाडची बोली आहे, रस्त्यावरची, घरातली. "ती कुणी खोडून काढली असती, तर?" एवढंच म्हणाले.

यानंतर मी एका रात्रीत बदलले असं नाही. सवयीनं तोंडातून 'असं नाही, तसं म्हण' येतच राहिलं. पण मी ऐकायला लागले, आणि रविवारी मुलांच्या घरी जायला लागले. पट किंवा हजेरी विचारायला नव्हे. नुसतं ओसरीवर बसायचं, काय चाललंय ते बघायचं. पुढे एका प्रशिक्षणात कळलं की अशा जाण्याचा जगात इतरत्रही अभ्यास झालेला आहे. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, टूसॉन शहरात, लुईस मोल हे शिक्षणाचे अभ्यासक आणि त्यांचे सहकारी शिक्षकांना घेऊन मेक्सिकन वंशाच्या कामकरी कुटुंबांच्या घरी गेले. तिथे जाऊन शिकवायचं नव्हतं, शिकायचं होतं. शेती, जनावरं, दुरुस्ती, बांधकाम, औषधी झाडपाला, हिशेब. शाळा ज्यांना मागासलेली समजत होती त्या घरांमध्ये केवढी शिदोरी आहे हे त्यांनी 1992 साली मांडलं. ते ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर त्या मुलाची पांढरी पडलेली बोटं होती.

दुसरं नाव कळलं ग्लोरिया लॅडसन-बिलिंग्ज यांचं, त्याही अमेरिकेतल्याच शिक्षणाच्या अभ्यासक. कृष्णवर्णीय मुलांना चांगलं शिकवणाऱ्या शिक्षकांचा त्यांनी अभ्यास केला आणि 1995 साली जे लिहिलं त्यात तीन गोष्टी सांगितल्या: मुलाचा अभ्यास पक्का झाला पाहिजे, त्याची स्वतःच्या संस्कृतीवरची पकड सुटता कामा नये, आणि आजूबाजूचा अन्याय त्याला ओळखता आला पाहिजे. पालकांना मी यातली पहिली गोष्ट आवर्जून सांगते. घरचं वर्गात आणणं म्हणजे अभ्यासातून सूट देणं, असं कुणी समजू नये. तसं करणारा शिक्षक मुलाचं नुकसानच करतो.

पुढे बदली होऊन मी निपाणी भागात आले. तिथे भात नाही, तंबाखू. वखारीत जाणाऱ्या बाया, घरी सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या बाया. पाचवीतल्या एका मुलीला गुणाकार येत नाही असं आधीच्या नोंदीत होतं. तिच्या घरी गेले तेव्हा ती आईनं वळलेल्या विड्यांची पंचवीस-पंचवीसची बंडलं बांधत होती. मजुरी हजारावर. मी विचारलं, हजाराला किती बंडलं? मान वर न करता म्हणाली, चाळीस. सहाशेला? चोवीस. पन्नास कमी पडल्या तर? "दोन बंडलं कमी, बाई." सोमवारी मी फळ्यावर पंचवीसचा पाढा 'बंडलाचा पाढा' म्हणून लिहिला आणि तिला पुढे बोलावलं. तिला गुणाकार येत होता. आम्ही तो तिच्या ओळखीच्या रूपात कधी विचारलाच नव्हता.

पण तिथेच माझ्या हातून एक चूक झाली, आणि जे शिक्षक उत्साहानं हे करू बघतात त्यांनी ती वाचावी म्हणून लिहिते. बंडलांचा पाढा इतका रंगला की मी सगळ्या वर्गाला म्हटलं, आपापले आईवडील काय करतात ते एकेकानं उभं राहून सांगा. एका मुलीनं पाटी उलटी करून ठेवली आणि खिडकीकडे बघत राहिली. तिच्या घरी वडिलांचं नाव घ्यायची सोय नव्हती, हे मला नंतर कळलं. दोन दिवस ती आली नाही. मी तिच्या घरी गेले, तिच्या आईची माफी मागितली. आईनं चहा केला, माझ्याकडे न बघता कप पुढे केला. घर वर्गात आणायचं म्हणजे मुलाला सगळ्यांसमोर उघडं पाडायचं नाही. काय आणायचं आणि काय उंबऱ्याच्या आत ठेवायचं, ते मूल ठरवतं. तेव्हापासून मी कामाबद्दल कधी विचारत नाही, वस्तूंबद्दल विचारते. घरातली एक वस्तू, तिचं नाव, ती कशी वापरतात. त्यातून मूल सांगायचं तेवढं सांगतं.

आता तुमच्या भीतीबद्दल. ती मला कळते. आपल्या भागात भाषेचा प्रश्न नुसता शाळेचा नाही. 1956 च्या 1 नोव्हेंबरला राज्यांची फेररचना झाली आणि आपण या बाजूला, आजच्या कर्नाटकात, राहिलो. त्याच दिवशी सातव्या घटनादुरुस्तीनं 350 अ हे कलम लागू झालं, भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय असावी असं सांगणारं. तेव्हा मराठी शाळा टिकली पाहिजे हा आपला आग्रह रास्तच आहे, आणि त्या शाळेतल्या मुलाला चोख कन्नड आलं पाहिजे हेही तितकंच खरं. तलाठ्याकडे, दवाखान्यात, नोकरीत ते लागणार आहे. पण मराठी शाळेत बसलेल्या मुलाला त्याची घरची मराठी गिळायला लावली, तर मातृभाषेची शाळा म्हणून तिच्यात उरलं काय?

परीक्षेचं म्हणाल, तर मी काय करते ते सांगते. नली-कलीच्या, म्हणजे खेळत-करत शिकायच्या सरकारी पद्धतीच्या, वर्गात भिंतीला मुलांच्या उंचीचे फळे असतात, त्यातल्या एकावर मी तीन रकाने आखले आहेत: घरचं, पुस्तकातलं, कन्नड. नट्टी, लावणी, नाटि. पुस्तकात 'रागी' आलं तेव्हा मुलं गप्प होती. कन्नडवरून भाषांतर केलेल्या धड्यात तो शब्द तसाच राहिला होता. मग एकानं चित्र बघून ओरडून सांगितलं, ही तर नाचणी. ते तिन्ही रकाने मुलंच भरतात. बोलणाऱ्याला मध्ये कुणी तोडायचं नाही, हा एक नियम. चौथीपासून एकच गोष्ट दोनदा लिहायची: एकदा आजीला सांगावी तशी, एकदा मुख्याध्यापकांना अर्ज लिहावा तशी. 'काल लई पावस आला आणि वड्याला पाणी चढलं, म्हणून मला येवाय झालं न्हाई' आणि 'काल अतिवृष्टीमुळे ओढ्याला पूर आल्याने मी शाळेत उपस्थित राहू शकलो नाही'. दुसऱ्या वहीत मी ऱ्हस्वदीर्घाची एकही चूक सोडत नाही. पहिल्या वहीला लाल पेन लावत नाही. मुलं गोंधळत नाहीत. आजीशी कसं बोलायचं आणि अर्जात कसं, हे त्यांना आपल्याहून लवकर कळतं.

परवा त्या फळ्यावर एक ओळ अडली आहे. ताक घुसळायची रवी. पुस्तकातल्या रकान्यात रवी, कन्नडच्या रकान्यात कडगोलु, आणि घरचा रकाना रिकामा. बहुतेकांच्या घरी आता मिक्सर आहे, त्यामुळे मुलांना तो शब्द सांगता येईना. तुमच्या सासूबाई अजून घरी लोणी काढतात असं तुमच्या मुलानं सांगितलंय. तेवढं त्यांना विचारून सोमवारी त्याच्याबरोबर पाठवा.