लोखंडाचे सव्वीस इलेक्ट्रॉन

दहावीपर्यंत मी मराठी माध्यमात शिकले आणि अकरावीला पुण्यात विज्ञान शाखेत आल्यावर सर्वांत आधी अडले ते इलेक्ट्रॉन संरूपणाशी, म्हणजे अणूतले इलेक्ट्रॉन कोणत्या कवचात किती बसतात त्या मांडणीशी. शाळेत आम्ही पोटॅशियमचे संरूपण २, ८, ८, १ असे लिहीत होतो. तिसऱ्या कवचात १८ इलेक्ट्रॉन मावतात हेही शाळेतच शिकवले होते. मग अणुअंक १९ असलेल्या पोटॅशियमचा शेवटचा इलेक्ट्रॉन तिथल्या १० जागा रिकाम्या टाकून चौथ्या कवचात का जातो, हा प्रश्न माझ्या मनात तसाच राहून गेला होता.

अकरावीत कळले की कवचांच्या आत एस, पी, डी, एफ अशी उपकवचे असतात आणि त्यांत अनुक्रमे २, ६, १० आणि १४ इलेक्ट्रॉन मावतात. ही अक्षरे वर्णपटातील रेषांच्या शार्प, प्रिन्सिपल, डिफ्यूज, फंडामेंटल या जुन्या नावांवरून आली आहेत. उपकवच भरण्याचा क्रम ठरवताना कवचाच्या क्रमांकात एससाठी ०, पीसाठी १, डीसाठी २ मिळवायचे. ज्याची बेरीज कमी ते आधी भरते, आणि बेरीज सारखी आली तर लहान क्रमांकाचे कवच आधी. ४एसची, म्हणजे चौथ्या कवचातल्या एसची, बेरीज ४ आणि ३डीची ५, म्हणून एकोणिसावा आणि विसावा इलेक्ट्रॉन ४एसमध्ये जातात आणि ३डी भरायला सुरुवात होते ती २१ व्या स्कँडियमपासून. शाळेपासून अडलेला प्रश्न दोन बेरजांत सुटला, याचा मला फार आनंद झाला. हाच क्रम दाखवणाऱ्या तिरक्या बाणांच्या आकृतीपेक्षा ही बेरीजच मला अधिक भरवशाची वाटते, कारण आकृतीतली एक ओळ सरकली की पुढचे सगळे चुकते.

खरी कसोटी लोखंडाने घेतली. नवी पेठेतल्या अभ्यासिकेत बसून मी गणिताच्या चौकटीच्या वहीत एका ऑर्बिटलला (उपकवचातली जास्तीत जास्त दोन इलेक्ट्रॉनांची जागा) एक चौकट आणि एका इलेक्ट्रॉनला एक बाण असे धरून बाण काढत असे. लोखंडाचे २६ इलेक्ट्रॉन; त्यांतले १८ आर्गॉनप्रमाणे, दोन ४एसमध्ये आणि उरलेले सहा ३डीच्या पाच चौकटींत. मी पहिल्या तीन चौकटींत जोड्या भरल्या आणि दोन रिकाम्या ठेवल्या. दुसऱ्या दिवशी मॅडमनी वही पाहून हुंड यांचा नियम पुन्हा समजावला: समान ऊर्जेच्या प्रत्येक ऑर्बिटलमध्ये आधी एकेक इलेक्ट्रॉन एकाच दिशेच्या फिरकीचा (स्पिनचा; चौकटीत बाणाची दिशा ती दाखवते) बसतो आणि त्यानंतरच जोड्या लागतात. त्याप्रमाणे पाच बाण वर, सहावा पहिल्या चौकटीत खाली, म्हणजे एक जोडी आणि चार एकटे इलेक्ट्रॉन.

घटक चाचणीत तीन धनप्रभारांच्या लोह आयनाचे, म्हणजे तीन इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाच्या अणूचे, संरूपण विचारले होते. जे शेवटी आले ते आधी जाणार, असे गृहीत धरून मी तिन्ही इलेक्ट्रॉन ३डीमधून काढले आणि गुण गमावले. मॅडम म्हणाल्या, “भरताना ४एस आधी, आणि काढतानाही ४एसच आधी.” ३डीमध्ये इलेक्ट्रॉन आल्यावर त्याची ऊर्जा ४एसपेक्षा खाली उतरते आणि ४एस हे सर्वांत बाहेरचे उपकवच राहते, म्हणून आधी त्यातले दोन जातात आणि मग ३डीतला एक. मागे पाच इलेक्ट्रॉन उरतात, प्रत्येक चौकटीत एक.

तेव्हापासून संरूपण भरून झाले की मी ते कवचांच्या क्रमाने पुन्हा लिहिते, म्हणजे ३डी आधी आणि ४एस शेवटी, आणि आयन करायचा असेल तर उजवीकडून काढत येते. पहिल्या ३६ मूलद्रव्यांत क्रोमियम आणि तांबे हे दोनच अपवाद आहेत आणि ते मी सरळ पाठ केले: क्रोमियमच्या ३डीमध्ये ५, तांब्याच्या १० आणि दोघांच्याही ४एसमध्ये १. त्यामुळे दोन धनप्रभारांचा तांब्याचा आयन करताना उजवीकडचा ४एसचा एकुलता इलेक्ट्रॉन आधी जातो, मग ३डीतला एक, आणि वहीतल्या पाच चौकटींत चार जोड्या व एक एकटा बाण उरतो.