तुम्ही विचारलंत म्हणून : चौदा तारखेला सासूबाई कशाला?

हो, व्हॅलेंटाइन डेला आम्ही हॉटेलात जेवायला जातो, दरवर्षी. हो, सासूबाईंना घेऊन. आणि नाही, माझं नवऱ्याशी काही बिनसलेलं नाही.

मी नोकरी करते त्या शाखेतल्या मुली विचारतात, वरच्या मजल्यावरच्या काकू विचारतात, नवऱ्याच्या कुपवाडच्या कंपनीतल्या मित्रांच्या बायका तर हळदीकुंकवाचं वाण हातात घेता घेता विचारतात. चौदा फेब्रुवारीला सांगलीतल्या कुठल्याही बऱ्या हॉटेलात जा, दोन-दोन खुर्च्यांची टेबलं, वर लाल फुगे, मधे एक गुलाब. त्यात आमचा सात जणांचा लवाजमा शिरतो. वेटर दोन टेबलं जोडतो आणि गुलाब हातात धरून घुटमळतो. मागे एकानं तो सरळ आत्तींच्या पुढ्यात ठेवला. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला, "गणपतीला हुईल" म्हणाल्या आणि पिशवीत टाकला.

आजवर मी हसून उत्तर दिलं. "अहो, प्रेम काय फक्त नवऱ्यावरच असतं का?" हे माझं ठरलेलं वाक्य. लोकांना आवडतं. मला मात्र ते म्हणताना आता स्वतःचाच कंटाळा येतो. खोटं नाही ते, पण त्यासाठी काही मी आत्तींना हॉटेलात नेत नाही.

विचारणारे दोन प्रकारचे. शाखेतल्या पंचविशीच्या मुलींना माझी कीव येते. "मॅडम, एक दिवस तरी दोघंच जा की." दुसरे कौतुक करणारे, आणि ते जास्त छळतात. अलीकडे चौदा तारखेला 'मातृपितृ पूजन दिवस' म्हणून हार घातलेल्या आईवडलांचे फोटो फिरतात. तसाच आमच्या टेबलाचा एक फोटो कुणीतरी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, खाली 'संस्कार' एवढा एकच शब्द आणि जोडलेले हात. त्याच्या वरचा मेसेज असा, की आजच्याच दिवशी भगतसिंगांना फाशीची शिक्षा सुनावली आणि तुम्ही गुलाब कसले वाटता. शिक्षा ७ ऑक्टोबर १९३० ला सुनावली, फाशी २३ मार्च १९३१ ला झाली, हे मी एका वर्षी लिहून पाहिलं. उत्तर आलं, "भावना समजून घ्या, वहिनी."

तेव्हा आधी एवढं लिहून ठेवते, मी संस्कार म्हणून जात नाही आणि मन मारूनही जात नाही. मग कशाला जाते, ते सांगायला जरा मागं जावं लागेल.

लग्न २०११ चं. गावभागात जुन्या वाड्यात अडीच खोल्या. पुढच्या खोलीत मामा म्हणजे सासरे, मधल्या खोलीत आत्ती आणि नणंद, आत आम्ही. मोरीकडे जायची वाट आमच्याच खोलीतून. एवढं पुरे, अशा घरात राहिलेल्यांना पुढचं कळतं.

आपल्याकडे नवरा-बायकोचे सण नाहीत असं कुणी म्हणू नये. पाडव्याला नवऱ्याला ओवाळते तेव्हा घरभर माणसं असतात आणि ताटात काय पडलं ते सगळे वाकून बघतात. वटपौर्णिमेला सात जन्मांचं मागणं भर रस्त्यातल्या वडाला फेऱ्या मारत मागायचं. नाव घ्यायचं तेही चारचौघांत. सगळं उघड्यावर, कुणाला संकोच नाही. फक्त दोघांनी उठून बाहेर जेवायला जायचं म्हटलं की घर गप्प होतं. नाही कुणी म्हणत नाही. "जावा की" म्हणतात. त्या 'की'मध्ये पाय अडकतो.

२०१३ साली चौदा फेब्रुवारी गुरुवारी आला. मी २८ वर्षांची. मामा मार्केट यार्डातल्या हळदीच्या पेढीवर आयुष्यभर दिवाणजी, तेव्हा नुकतेच घरी बसलेले. त्यांचा गुरुवारचा उपवास असायचा, दत्ताचा. रात्री आरती करून सोडायचे. आम्ही दोघांनी बाहेर जायचं ठरवलं आणि घरी काय सांगायचं ते मी ठरवलं. संध्याकाळी शाखेतून फोन केला, ऑडिट आलंय, उशीर होईल, जेवायला थांबू नका, हे मित्राकडून परस्पर मला न्यायला येतील. आवाज इतका सहज निघाला की मलाच नवल वाटलं.

हॉटेल शाखेपासून पाच मिनिटांवर, विश्रामबागेतच. खोटं बोलायची सवय नसलेली माणसं अशीच जागा निवडतात. गुरुवार असून चिकन मागवलं. हे मुद्दाम लिहितेय, कारण पुढे कितीतरी दिवस मला खोट्यापेक्षा त्या चिकनचंच जास्त लागून राहिलं होतं. दीड तास बसलो आणि खरं सांगायचं तर छान बसलो. नवऱ्याला नोकरी बदलायची आहे हे मला दोन वर्षांच्या संसारात त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. घरी हे बोलायला जागाच नव्हती.

साडेनऊला बाहेर आलो. गाड्यांच्या रांगेत आमची स्प्लेंडर, आणि तिच्या हँडलला एक कापडी पिशवी अडकवलेली. पेढीची पिशवी. हळदीनं पिवळी पडलेली, पेढीचं नाव अर्धं धुऊन गेलेलं, एका बंदाला गाठ. अशा पिशव्या सांगलीत शेकड्यानं असतील, पण ती गाठ मी मारली होती. आत तीन पुडाचा स्टीलचा डबा, आमच्या लग्नात आलेला, झाकणावर टिंबाटिंबांनी 'मावशीकडून सप्रेम' असं घातलेलं. हात लावला. कोमट होता.

"अण्णा येऊन गेले," नवरा म्हणाला. मामांना तो अण्णा म्हणायचा. आम्ही रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. सायकल कुठं दिसली नाही. पर्समधून फोन काढला, घरच्या लँडलाइनवरून दोन मिस्ड कॉल.

काय झालं ते पुढे नणंदेकडून तुकड्यातुकड्यांनी कळलं. ऑडिट म्हटल्यावर आत्तींनी चूल सोडलीच नाही. पाच भाकरी थापल्या. एवढ्या कशाला, असं नणंदेनं विचारलं तर म्हणाल्या, "तपासाय आलेल्या सायबालाबी पोट असतंय." मामा आरतीच्या आधीच, म्हणजे उपाशीपोटी, सायकलवर निघाले. गावभाग ते विश्रामबाग म्हणजे जवळ नव्हे, आणि मामांचं वय तेव्हा ६३. शाखेला कुलूप बघून परत फिरले असणार. वाटेत गाडी दिसली असणार. नंबर त्यांना पाठ होता, गाडीचे हप्ते त्यांनीच भरले होते. काचेतून आत पाहिलं का, ते मला माहीत नाही. आमचं टेबल काचेला लागून होतं, हे माहीत आहे.

आता डबा घरी न्यायचा कसा? भरलेला नेला तर सगळंच उघडं पडणार. आयर्विन पुलाच्या बाजूला घाटावर गेलो आणि अंधारात पायरीवर बसून, पोट तट्ट भरलेलं असताना, खायला लागलो. शाळूच्या भाकरी, भरली वांगी, शेंगदाण्याची चटणी, वरच्या पुडात दही. वांगी कृष्णाकाठची, देठासकट शिजवलेली, बोटानं दाबली तर मसाल्यासकट उलगडणारी. नवऱ्यानं दीड भाकरी कशीबशी संपवली, मी अर्धी. उरलेल्या तीन घाटावरच्या कुत्र्यांपुढे टाकल्या. त्यांनी हुंगलं, रस्सा लागला होता तेवढा भाग खाल्ला आणि बाकीचं तिथंच सोडून निघून गेली. मी नदीत डबा विसळला.

दार आत्तींनी उघडलं. मामा भिंतीकडे तोंड करून पडलेले. झोपलेले नव्हते, मामांचं घोरणं मला माहीत होतं.

"जेवलीस?"

"हो."

"आणि सायब?"

इथं 'हो' म्हणून आत जाता आलं असतं. मी म्हणाले, "हो, वांग्याची भाजी तर फार आवडली त्यांना."

आत्तींचा चेहरा खुलला. मामा हलले नाहीत. घरी परत आल्यावर ते "दिला" एवढंच बोलले होते, मग आरती करून उपवास सोडला, असं नणंद म्हणाली. म्हणजे त्या रात्री घरात खोटं बोलणारी मी एकटी नव्हते.

ती २८ वर्षांची मी अजून माझ्याशी भांडते. म्हणते, चुकलं काय माझं? स्वतःच्या नवऱ्याबरोबर, स्वतःच्या पगारातून जेवले. सांगून गेले असते तर 'जावा की' ऐकून मनानं घरीच राहिले असते. डबा पाठवा असं कुणी सांगितलं होतं? तिचं बरोबर आहे, मला खोडता येत नाही. मी फक्त विचारते, मग भाजीचं कौतुक कशाला केलंस? ती गप्प बसते. थोड्या वेळानं म्हणते, तू तरी मामांशी बोललीस का?

नाही बोलले. चार वर्षं हातात होती. रोज सकाळी त्यांना चहा देत होते, त्यांच्या गोळ्या आणत होते. त्यांनी एकदा नुसतं बघितलं असतं, एखादा टोमणा मारला असता, तर बोलले असते असं मी स्वतःला सांगते. टोमणा मारणारा माणूसच नव्हता तो. सूनबाईला तोंड दाखवायला जागा राहावी म्हणून गप्प राहिले, का लाज वाटली म्हणून, का राग होता? तीनही उत्तरं मी वेगवेगळ्या वर्षी खरी मानली आहेत.

पुढच्या वर्षी तेरा तारखेला मीच म्हटलं, "मामा, उद्या सगळी बाहेर जेवायला जाऊया."

"कशाला?"

"असंच."

त्यांनी पेपर खाली घेतला. "उद्या गुरुवार न्हाई नव्हं?"

शुक्रवार होता. त्यांनी सहज विचारलं होतं की कसं, यावर नवऱ्याचं आणि माझं आजही एकमत नाही. पाच जण गेलो. मामांनी वेटरला भाकरी मिळते का विचारलं, नाही म्हटल्यावर रोटी घेतली, कागदी रुमालाची घडी घालून खिशात ठेवली. आत्तींनी बिल बघून एवढ्यात आठ दिवसांचा बाजार आला असता असं सांगितलं, आणि त्या अजूनही दरवर्षी ते सांगतात. तिथून हे सुरू झालं. मामा २०१७ ला गेले. त्यानंतर थांबवायचं होतं, पण फेब्रुवारी लागताच आत्तींनी कपाटातून जरीकाठाचं लुगडं काढून उन्हात घातलं. मग कोण थांबवणार?

२०१९ ला आम्ही हॉटेलात बसलो होतो आणि भिंतीवरच्या टीव्हीवर पुलवामाचं चालू होतं. आकडा वाढत होता, शेवटी ४० जवान. आत्तींच्या माहेरच्या घरात दोन पोरं फौजेत. त्यांनी ताट पुढं सरकवलं आणि आम्ही उठलो. पुढच्या वर्षी गेलो तर एकीनं विचारलं, "त्या दिवशी जाववतं कसं तुम्हाला?" याला माझ्याकडे उत्तर नाही. तारीख मी निवडलेली नाही एवढंच म्हणता येतं, आणि तेही अर्धंच खरं. एरवी मला ३६४ दिवस मोकळे आहेत.

२०१९ च्याच ऑगस्टात महापूर आला, आयर्विनला पाणी ५७ फुटांवर. पाणी ओसरल्यावर घरातली भांडी चिखलातून काढून अंगणात मांडली. त्यात तो डबा होता, कडी गंजलेली, 'सप्रेम' शाबूत. आत्तींनी राखेनं घासला आणि माझ्याकडे दिला. "हा तुझ्या सायबाचा डबा," म्हणाल्या. नंतर कळलं, घरात त्या डब्याचं नावच ते पडलंय, नणंदेची पोरंही 'सायबाचा डबा' म्हणतात. त्यावरून काही अर्थ काढायचा की नाही?

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे हे प्रायश्चित्त. असेल. पण प्रायश्चित्तात माणूस सोलकढी मागवून घेत नाही, आणि आत्ती जेव्हा पिझ्झ्याला 'भाजलेला आंबोळा' म्हणतात तेव्हा मी खोटं हसत नाही. आणि हेही सांगते, काही वर्षी मला त्या टेबलावर भयंकर कंटाळा येतो. पलीकडच्या दोन खुर्च्यांच्या टेबलाकडे लक्ष जातं. शाखेतल्या मुलींनो, तुमची कीव अगदीच फुकट नाही.

आणि सगळ्यात शेवटचं, जे मी नातेवाइकांच्या ग्रुपवर कधीच लिहिणार नाही. वर्षातून एक-दोनदा आम्ही दोघं अजूनही जातो. चौदाला नाही, असंच एखाद्या मंगळवारी. मी ४१ वर्षांची आहे, आता घर मोठं आहे, खोलीला दार आहे, कुणी अडवणारं नाही. सांगून जाता येतं. तरी फोन लावते तेव्हा तोंडातून निघतं, "ऑडिट आहे."

परवा आत्ती शेंगा फोडत बसल्या होत्या. मी शेजारी बसून हात लावला. सुपातलं टरफल फुंकत, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "औंदा आडिट कवा हाय गं?"

"अजून कळलं नाही."

"कळलं की सांग," म्हणाल्या. "वांगी आणून ठेवाय बरं."